दम खायला शिकले तेव्हा

मला कोरोना झाला तेव्हा कोरोनाची भीती कुणालाच उरली नव्हती. ट्राममधले मास्क गेले होते. ऑफिसच्या जमिनीवर अंतर राखण्यासाठी चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या कुणीतरी खरवडून काढल्या होत्या, त्यांचा डिंक तेवढा बुटाला लागायचा. घरात टेस्टच्या दोन-चार पुड्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. घसा दुखतोय म्हणून सहज एक केली, तर दुसरी रेघ ठसठशीत उमटली. पाच दिवस ताप आणि अंगदुखी, मग नुसता खोकला. आठव्या दिवशी रेघ गेली. दहाव्या दिवशी मी सायकलवर टांग टाकून कामाला निघाले आणि मनात म्हटलं, झालं, आटोपलं.

मी ब्राउनश्वाइगमध्ये गाड्यांच्या गिअरबॉक्सचा आवाज तपासते. चाचणीच्या बाकावर गिअरबॉक्स बसवायचा, त्याच्यावर सेन्सर चिकटवायचे, तो फिरवायचा आणि कुठे घरघर होते, कुठे शिट्टी वाजते ते आलेखावर वाचायचं. इंजिनियर झाले पुण्यात, इथे येऊन पंधरा वर्षं झाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातून तीन दिवस रेल्वेनं हॅनोव्हरला जातो. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. आणखी एक सांगायला हवं. शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळायचे, जिल्ह्याच्या संघात होते. थकणं म्हणजे मला काहीतरी चूक केल्यासारखं वाटायचं. थकलेल्या माणसाकडे बघून मी मनातल्या मनात म्हणायचे, हलव की जरा हातपाय.

कामावर परतल्यावर तीन आठवडे बरे गेले, म्हणजे मी ते बरे समजत होते. जिना चढताना छाती धडधडायची, ते मी अंथरुणात काढलेल्या दिवसांवर ढकललं. एका बैठकीत मला ‘कपलिंग’ हा शब्द आठवेना. जर्मन नाही, इंग्रजी नाही, मराठीत तर तो कधी म्हटलाच नव्हता. समोर आलेख होता, शिखर कुठे आहे ते दिसत होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते तोंडात येत नव्हतं. मी हातानं दोन मुठी एकमेकींत अडकवून दाखवल्या. सगळे हसले, मीही हसले.

मेच्या सुरुवातीला आमच्या मराठी मंडळाची हार्झच्या डोंगरात सहल ठरली. ब्रोकेनचा माथा मी चार वेळा गाठला होता. नवरा म्हणाला, “या वेळी राहू दे ना. तू अजून पहिल्यासारखी दिसत नाहीस.”

“उलट चालल्यावरच होईन पहिल्यासारखी,” मी म्हटलं. सगळ्यात पुढे मी चालले. वर पोचले, दोन चिवड्याच्या पिशव्या वाटल्या, लहान मुलांना घेऊन खाली आले. रविवारी रात्री पाय दुखत होते, पण ते छान दुखणं होतं. सोमवारी कामावर गेले. मंगळवारी सकाळी दात घासताना ब्रश धरलेला हात वर राहीना. आधी वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. दुसऱ्या हातात ब्रश घेतला, तोही खाली आला. मी टबच्या कडेवर बसले आणि तिथून उठता येईना. प्रकाश डोळ्यांत खुपत होता, आणि नवरा स्वयंपाकघरात कपबशी ठेवत होता तो आवाज डोक्यात हातोडीसारखा लागत होता.

लेक शाळेला जायच्या घाईत आत आली आणि तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, “तू काय करतेयस इथे?”

“बसलेय,” मी म्हटलं. त्या दिवसानंतर पडदे लावलेल्या खोलीत मी सहा दिवस पडून होते.

आमच्या फॅमिली डॉक्टर साठीकडे झुकलेल्या बाई आहेत. बोलणं कमी, टेबलावर एकही जास्तीचा कागद नाही. त्यांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, फुप्फुसांच्या तपासणीला पाठवलं, हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सगळं नॉर्मल. तीन आठवड्यांनी त्या सगळ्या कागदांची गड्डी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले तेव्हा मला धास्ती होती, की आता या म्हणणार, तुम्हाला काही झालेलं नाही.

त्या म्हणाल्या, “तुमचे रिपोर्ट चांगले आहेत. आणि तुम्ही आजारी आहात. दोन्ही खरं आहे.”

मी रडले. ऑफिसमध्ये पंधरा वर्षांत कधी रडले नव्हते, तिथे रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि माझं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“आल्झो, तर मग,” त्या म्हणाल्या, “याला लाँग कोविड म्हणतात. किती दिवस चालेल मला माहीत नाही. बरं करणारं औषध माझ्याकडे नाही. पण माझ्या पेशंटांनी मला एक गोष्ट शिकवलीय. जो जोर लावतो, तो मागे जातो.”

“मी अर्धा दिवस काम करू शकते.”

“गेल्या आठवड्यात पुन्हा अंथरूण धरलंत, त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?”

मी आठवलं. आदल्या दिवशी काहीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी लेकीच्या खोलीतलं कपाट सरकवलं होतं.

“लिहून ठेवा,” त्या म्हणाल्या. “काय केलं, किती वेळ, आणि पुढचे तीन दिवस कसे गेले.” आणि त्यांनी कामावरून रजेचा कागद, क्रांकश्राइबुंग, माझ्या हातात दिला.

मी लिहायला लागले. आता हे माझं कामच होतं. बाकावर स्थिर उभा असलेला गिअरबॉक्स निरोगीच दिसतो, भार देऊन फिरवला की त्याचं खरं कळतं. तीन आठवड्यांच्या नोंदी मांडल्यावर मला माझा आलेख दिसला. जास्त काही केलं की फटका लगेच बसत नव्हता, साधारण दीड दिवसानं बसत होता. म्हणून मला आजवर कारण सापडलं नव्हतं. आणि शरीराचं जास्त तेवढंच डोक्याचं जास्त. विम्याच्या ऑफिसशी जर्मनमध्ये अर्धा तास फोनवर बोलणं आणि एक मजला जिना चढणं, दोन्ही सारखंच. हे कळल्यावर मी बरी झाले नाही, पण घाबरायची थांबले. काय होतंय ते समजलं की मला हुशारी येते, माझा स्वभावच तसा आहे.

याच सुमारास नाकाचं सुरू झालं. आजारपणात वास गेला होता तो हळूहळू परत आला, पण उलटासुलटा. सकाळी नवऱ्यानं कॉफी केली आणि मी ओरडले, काय जळतंय? काहीच जळत नव्हतं. कॉफीचा वास मला जळक्या टायरवर सडकं अंडं फोडल्यासारखा येत होता. परतलेला कांदा, लसूण, भाजलेला पाव, टूथपेस्टसुद्धा. मी केळी आणि साधा भात खाऊन राहत होते, वजन झरझर उतरलं.

आणि जूनमध्ये सासूबाई आल्या. त्यांचं तिकीट सहा महिने आधी काढलेलं होतं. बॅगेत घरचा गोडा मसाला, लसणीची चटणी, हिंगाची डबी. सासूबाई कऱ्हाडच्या. तिथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षं सहायक होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, मुलांसाठी क्षार मोजून ठेवायचे, आम्लांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. रिटायर झाल्यावरही घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते.

आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी आमटी केली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला आणि मी तोंडावर हात दाबून बाल्कनीत पळाले. दार लावून घेतलं. काचेतून त्या दिसत होत्या, हातात पळी तशीच. जेवायला मी गेले नाही. त्याही नीट जेवल्या नाहीत, असं नवऱ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, माझ्या हातचं आता चालत नाही का तुला?”

“अहो आई, तुमच्या हातचं नाही, कुणाच्याच हातचं चालत नाही.” आणि मी त्यांना टायरचं आणि अंड्याचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. वास जातो हे त्यांनी ऐकलं होतं, गावात पुष्कळांचा गेला होता. वास बदलतो हे त्यांना नवीन होतं.

“सगळ्याचाच तसा येतो?”

“सगळ्याचा नाही. कशाकशाचा येतो ते मलाच माहीत नाही.”

त्या आत येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, “मग एकेक करून बघूया की. सगळं एकदम फोडणीत घालून कसं कळायचं, कुणाचं काय ते?”

पुढचे चार दिवस सकाळी दहाच्या सुमारास बाल्कनीतल्या टेबलावर छोट्या वाट्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर बशी झाकलेली. बशी उचलायची, एकदाच श्वास घ्यायचा, सांगायचं. एका दिवशी पाचच वाट्या, सहावी नाही, हा नियम त्यांनी घातला, कारण पाचनंतर मी दमते हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. लेकीच्या जुन्या वहीत त्या लिहायच्या. हिंग, बिलकुल नाही. जिरं, नाही. मोहरी कच्ची चालते, तेलात नाही. हळद चालते. आलं चालतं. ओलं खोबरं, कढीपत्ता, लिंबू चालतं. कोथिंबीर साबणासारखी, पण सोसते. भाजलेलं काहीही नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत. तुपाला त्यांनी तीनदा संधी दिली. तिन्ही वेळा मी मान हलवली तेव्हा तुपाची वाटी उचलताना त्या म्हणाल्या, “बिचारं.”

पाचव्या दिवशी त्यांनी मला तांदळाची उकड करून दिली. ताक, आलं, मीठ, कढीपत्ता. लसणीची फोडणी नाही. मी ताटली चाटूनपुसून खाल्ली. त्यानंतर मुगाची डाळ हळद-लिंबाची, काकडी-खोबऱ्याची कोशिंबीर, नाचणीची आंबील, शेवयांची दुधातली खीर. बिनफोडणीचा स्वयंपाक करताना त्यांचा हात अडखळायचा. डाळ शिजली की सवयीनं त्या छोट्या कढईकडे वळायच्या आणि मधेच थांबायच्या. बाकीच्यांसाठी फोडणी त्या दुपारी, माझी झोप चाललेली असताना, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून करायच्या.

माझ्या झोपेचं मात्र त्यांना पटत नव्हतं. “चार पावलं चालून यावं गं. पडून राहिलं की अंग आंबतं,” असं त्या रोज म्हणायच्या. त्यात माझंच जुनं बोलणं मला ऐकू यायचं, म्हणून राग यायचा नाही, पण जिद्द चढायची. एका सकाळी मी बऱ्या मूडमध्ये उठले आणि हॉलच्या चारही मोठ्या खिडक्या पुसून काढल्या, स्टुलावर चढून. सासूबाई खूश. मी आणखी खूश. तिसऱ्या दिवशी मला चमचा धरवेना. सासूबाईंनी मला आंबील भरवली. आई-वडिलांच्या हातून खाल्ल्याचंसुद्धा मला आठवत नव्हतं, इतकी वर्षं झाली होती. वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मला वाटलं, मन मारून पडलीयस. हे काहीतरी निराळंच आहे.” मग त्यांनी माझा तक्ता मागितला, चष्मा लावून वाचला, आणि त्या दिवसापासून त्या पहारेकरी झाल्या. मी सिंककडे जायला उठले की मागून आवाज यायचा, “बस. दम खा.”

लेकीची गोष्ट जास्त अवघड होती. जुलैत शाळेचा उन्हाळी मेळावा होता, तिचं नाटक होतं. मी दोन दिवस आधीपासून काही न करता पडून राहिले, की तिथे जाता यावं. गेले, सावलीत खुर्ची टाकून बसले, नाटक पाहिलं आणि वीस मिनिटांनी नवऱ्यानं मला घरी आणलं. ती संध्याकाळी आली ती दार आपटूनच.

“सगळ्यांच्या आया थांबल्या होत्या,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “तू केक पण नाही खाल्लास. मी तुझ्यासाठी लाइनमध्ये उभी होते.”

“मला थांबता येत नव्हतं गं.”

“मग आधी सांगायचं ना! किती वेळ आहे ते सांगायचं. मी केकच्या लाइनमध्ये उभीच राहिले नसते, तुझ्याजवळ बसले असते.”

तिचं बरोबर होतं. मी ते कुणालाच सांगत नव्हते, कारण आकडा सांगितला की तो खरा होईल अशी मला भीती होती. त्या दिवसापासून सांगायला लागले. आज माझ्याकडे अर्धा तास आहे, काय करूया? ती लगेच ठरवायची. पत्ते. केसांची वेणी. तळ्यावर बदकं बघणं, आजीबरोबर, खुर्ची घेऊन. अर्धा तास संपला की तीच म्हणायची, चला. आईला लेकीनं वेळ लावून द्यावा हे कुणाला केविलवाणं वाटेल. आमचं ते वर्ष मात्र भांडणाशिवाय गेलं, आणि तिच्याशी एवढं पुरतं लक्ष देऊन मी त्याआधी कधी खेळले नव्हते.

सासूबाई सप्टेंबरच्या सुरुवातीला परत गेल्या. विमानतळावर त्यांनी मला येऊ दिलं नाही. दारातच पाया पडले तेव्हा म्हणाल्या, “बरी हो असं नाही म्हणत. सांभाळून हो.”

ऑक्टोबरात मला रेहा मंजूर झालं, म्हणजे पाच आठवडे बाल्टिक समुद्राकाठच्या एका पुनर्वसन क्लिनिकमध्ये राहायचं. तिथे पोचल्यावर मला वेळापत्रक मिळालं. सकाळी व्यायाम, मग काठ्या घेऊन भरभर चालणं, मग एका जागेवरची सायकल, मग व्याख्यान, मग पाण्यातला व्यायाम. गुडघा बदललेल्या माणसाला ते उत्तम होतं. पूर्वीची मी असते तर पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे चालून दाखवलं असतं. मी दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि माझे चार महिन्यांचे आलेख त्यांच्या टेबलावर मांडले.

“यातला अर्धा भागसुद्धा मी करणार नाही,” मी म्हटलं. “हा बघा भार, आणि इथे दीड दिवसानंतर काय होतं ते. दर वेळी.”

त्यांनी कागद जवळ ओढले. “तुम्ही इंजिनियर आहात?”

“गेनाऊ, बरोबर.”

“सहकार्य करत नाही असं तुमच्या फाइलमध्ये लिहावं लागेल, असं तुम्हाला वाटत नाही का?”

“लिहा. पण मोजमाप बघून लिहा.”

ते हसले आणि त्यांनी पेन घेऊन वेळापत्रकातल्या पाच ओळींपैकी तीन खोडल्या. श्वासाचे व्यायाम आणि स्मरणशक्तीचे धडे राहिले. मनगटाला नाडी मोजणारं घड्याळ मिळालं. ते अमुक ठोक्यांवर वाजलं की थांबायचं, मग रस्त्याच्या मध्ये असलात तरी पलीकडे जाऊन थांबायचं.

जेवणाच्या टेबलावर माझ्याबरोबर हॅनोव्हरजवळच्या गावातला एक बस ड्रायव्हर होता, पन्नाशीतला, आडव्या बांध्याचा. पहिले चार दिवस तो “माल्त्साइट” म्हणजे “जेवण चांगलं होवो” एवढंच बोलला. पाचव्या दिवशी सूप संपवून म्हणाला, “मी बावीस वर्षं एकच मार्ग चालवला. एका सकाळी बस बाजूला घेतली, माइक उचलला आणि लोकांना सांगितलं, माफ करा, मला पुढचा स्टॉप आठवत नाही.”

“मग लोक काय म्हणाले?”

“एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, पुढे चर्चचा स्टॉप आहे, मी सांगते तुम्हाला. मी म्हटलं, नाही बाई, मी आता चालवणार नाही.” त्याचे डोळे भरले होते. “किल्ली काढली आणि उतरलो. सगळे म्हणतात, धीर सुटला माझा.”

“तुम्ही साठ माणसांना सुखरूप ठेवलंत,” मी म्हटलं. “धीर नसता तर चालवत राहिला असता.” त्यानं मान डोलावली आणि आपली पुडिंगची वाटी माझ्याकडे सरकवली. नंतर रोज दुपारी आम्ही दोघं समुद्रासमोरच्या बाकावर बसायचो. बोलायचो नाही, बोलण्यानं दोघांनाही थकवा यायचा. थंडी असायची, लाटा करड्या. मला तिथे पहिल्यांदा नुसतं बसणं जमलं.

पुढच्या मार्चमध्ये मी कामावर गेले. इथे मोठ्या आजारानंतर पायरी पायरीनं परत घेतात, आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा. पहिल्या दिवशी टीमची बैठक होती. मी बॉसला विचारून घेतलं आणि सुरुवातीलाच बोलले.

“मी बरी झालेली नाही, बरीच सुधारले आहे. जास्त केलं की मला दीड दिवसानं फटका बसतो, त्याचा तक्ता मी ठेवते. म्हणून मी एका वेळी एकच काम करेन. चाळीस मिनिटांनी मी उठून जाईन, बैठक संपली असो वा नसो. शब्द आठवला नाही तर तुम्ही सांगा, मला वाईट वाटणार नाही. माझे आलेख मात्र पूर्वीइतकेच बरोबर असतील.”

कुणीतरी टेबलावर बोटांनी टकटक केलं, जर्मन लोक टाळीऐवजी करतात तसं, मग सगळ्यांनी केलं.

आठवडाभरानं ऑफिसच्या किचनमध्ये मी पाणी गरम करत होते. आमच्यातला सगळ्यात जुना सहकारी आत आला. ‘गुड मॉर्निंग’च्या पलीकडे आमचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. त्यानं दार लावलं.

“तो दीड दिवसाचा तक्ता,” तो म्हणाला. “मला दाखवाल?”

“कुणासाठी?”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, यंत्राचं बटण उगाच दाबत राहिला. “वर्ष झालं. मी सुट्टीचे दिवस टाकून झोपतो. घरी बायकोला सांगितलंय की कंटाळा आलाय. मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार, मला वाटलं म्हातारा झालो.”

मी लॅपटॉप आणला. आम्ही तिथेच टेबलाशी उभं राहून, नाही, मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसले, आणि त्याला रकाने कसे भरायचे ते दाखवलं. पंधरा दिवसांनी तो त्याचा आलेख घेऊन आला. माझ्यापेक्षा सुबक होता, रंग वापरलेले. तोही डॉक्टरांकडे गेला. आमच्या टीमच्या बैठका आता चाळीस मिनिटांच्याच असतात, आणि ज्यांना काही झालेलं नाही त्यांना त्या सगळ्यात जास्त आवडतात.

मग गेल्या हिवाळ्यात मला कोरोना पुन्हा झाला. नवऱ्याला ट्रेनमध्ये लागला असावा, त्याच्याकडून मला. टेस्टवर दोन रेघा बघितल्या. दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. मी डॉक्टरबाईंना फोन केला.

“काय करू?”

“मला विचारताय?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.”

खरंच माहीत होतं. मी चार आठवड्यांची विश्रांती ठरवली, ताप असो नसो. डॉक्टरबाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. नवव्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा बॉसनं फोनवर विचारलं, “मग सोमवारी येताय ना?”

“नाही. आणखी तीन आठवड्यांनी.”

“पण तुम्हाला बरं वाटतंय ना आता?”

“हो. म्हणूनच येत नाही. मागच्या वेळी बरं वाटलं म्हणूनच आले होते.”

त्यानं तारखा मोजल्या. मग म्हणाला, “ठीक आहे. तुमच्या बाकावर दुसऱ्या कुणाला लावतो.”

ते तीन आठवडे सोपे नव्हते. बाहेर बर्फ स्वच्छ पडलेलं, घरात कपड्यांचा ढीग, अंगात शक्ती आहे असं वाटतंय आणि मी सोफ्यावर. नवरा भांडी नीट लावत नव्हता ते मला तिथून दिसायचं. मी बघायचे आणि उठायचे नाही. लेक शाळेतून आली की शेजारी बसून तिच्या इतिहासाच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचून दाखवायची, मी डोळे मिटून ऐकायचे. सासूबाई रोज व्हिडिओवर यायच्या, मला बघायच्या, “पडलेली दिसतेयस, छान,” म्हणून फोन ठेवायच्या.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी मी चार तास काम केलं. मंगळवारी थांबले, बुधवारी थांबले, दीड दिवसाची वाट बघत. काही झालं नाही. गुरुवारी पुन्हा गेले. विश्रांतीमुळे की नुसत्या नशिबानं, हे मी सांगू शकत नाही, आणि एकाच चाचणीवरून सांगणारही नाही. महिनाभरात मी आधीच्या ठिकाणी परत आले होते. ते ठिकाण म्हणजे आठवड्याला तीस तास काम, रोज दुपारी वीस मिनिटं आडवं होणं, धावणं नाही, कॉफी नाही. गिअरबॉक्समधली शिट्टी मी आजही आमच्या टीममध्ये सगळ्यांच्या आधी ओळखते. परवा नव्या मुलीनं विचारलं, एवढ्या लवकर कसं कळतं तुम्हाला? मी तिला खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, “बस आधी. घाई न करता ऐक.”